रक्ताचं निमित्त

गेली अकरा वर्षं मी पेशंटच्या नातेवाइकांशी खोटं बोलत आले आहे, आणि त्याचं मला एकदाही वाईट वाटलेलं नाही.

मी डॉ. रेवती इंगवले, कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ. भूलतज्ज्ञ म्हणजे ऑपरेशनभर पेशंटच्या उशाशी बसलेली ती बाई, जिचं नाव शुद्धीवर आल्यावर कुणालाच आठवत नाही. पेढे येतात ते सर्जनला. तक्रार नाही, मला तशीही शुगर आहे.

तर खोट्याबद्दल. एखाद्याचं यकृत कामातून गेलं की घरातल्या धडधाकट माणसाच्या यकृताचा तुकडा कापून त्याला बसवता येतो. यकृत हा शरीरातला एकमेव मोठा अवयव, जो कापला तरी पुन्हा वाढतो. दोन-तीन महिन्यांत दोघांचंही जवळजवळ पूर्ववत होतं. पण कापून द्यायला आधी कुणीतरी तयार हवं. म्हणून नियम असा की दात्याला कुणीतरी एकटं भेटायचं. खोलीत ना सासू, ना नवरा, ना वडीलधारी मावशी. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आहे. मी दार लावते आणि विचारते, "खरंच द्यायचंय का?" दहातले दोन-तीन जण चपलांकडे बघत म्हणतात, "नाही."

मग मी बाहेर येऊन तोंड पाडून सांगते, "यांचं रक्त नीट गोठत नाही. भूल देता येणार नाही." घरचे हळहळतात, दात्याच्या पाठीवरून हात फिरवतात, आणि कुणाचाच कुणावर राग राहत नाही. यात शोध माझा नाही. नाही म्हणायचं धाडस नसलेल्याला डॉक्टरांनी कारण पुरवावं, ही या धंद्यातली जुनी आणि शहाणी रीत आहे. मी तिला रक्ताचं निमित्त म्हणते.

हे निमित्त चालायचं, कारण यकृताचं आणि रक्ताचं नातं सगळ्यांना पटायचं. मिनिटाला दीड लिटर रक्त त्यातून वाहतं. बरं, ते कातड्यासारखं चिवट नाही. पाण्यात बुडवलेल्या पावाला टाका घालून बघा, म्हणजे सर्जनचं दुःख कळेल. कापलेल्या जागेवर एक शीर दिसत नाही, शेकडो बारीक भोकं दिसतात आणि सगळीकडून झिरपत राहतं. त्यावर दाबायला जाळ्या होत्या, स्पंजासारख्या वड्या होत्या, माणसाच्या रक्तातूनच काढलेला गोंद होता. सगळे उपाय चांगले, पण सगळ्यांचा भरवसा शेवटी पेशंटच्या स्वतःच्या रक्तावर. ते गोठलं तर उपाय लागू. आणि यकृत आजारी असलं की नेमकं रक्तच गोठत नाही, कारण गोठवणारे पदार्थ यकृतच बनवतं. घोडं तिथं पेंड खायचं. मी तरुण असताना एकेका ऑपरेशनला पंधरा-पंधरा बाटल्या रक्त चढवलंय, आणि तरी काहींना सकाळ दाखवू शकले नाही. ते चेहरे मला आठवतात.

मग तीन वर्षांपूर्वी बांध आला.

समुद्रात होडीच्या तळाला पांढरे, खडबडीत, चुनखडीसारखे जीव चिकटतात. बार्नॅकल म्हणतात त्यांना. लाटा आदळत असताना, ओल्या आणि शेवाळलेल्या लाकडावर ते असे बसतात की पुढे खरवडून काढावे लागतात. युक्ती दोन टप्प्यांची. आधी ते तेलकट पदार्थ सोडतात, तो जागेवरचं पाणी बाजूला सारतो. मग त्या कोरड्या झालेल्या टिचभर जागेवर चिकट प्रथिनं बसतात. शास्त्रज्ञांनी याचीच नक्कल करून बांध बनवला. तेलकट मलम, त्यात चिकट कण. मलम वाहतं रक्त हटवतं, कण यकृताला धरतात, आणि वीस सेकंदांत जागा बंद. पेशंटचं रक्त गोठतंय की नाही, याच्याशी देणंघेणंच नाही. सहा महिन्यांत ते आपोआप विरघळतं, तोवर खालचं यकृत भरून आलेलं असतं. अट एकच: ते वीस सेकंद वरचा हात हलता कामा नये.

पहिल्यांदा ते वापरलं त्या दिवशी सांडलेलं रक्त ओढून घेणारी माझी सक्शनची बाटली जवळजवळ रिकामी राहिली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदानंच.

पण प्रत्येक गोष्टीला एक मागची बाजू असते. दात्याचा धोका इतका कमी झाला की लोक म्हणायला लागले, आता काय, दाढी केल्यासारखं आहे. दाते चौपट वाढले. आणि बंद खोलीत चपलांकडे बघणारेही चौपट वाढले. फरक इतकाच की आता माझ्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं. रक्ताचं निमित्त बांधाखाली गाडलं गेलं होतं. मी पित्तनलिकेची वेडीवाकडी रचना वगैरे नवी कारणं शोधली, पण त्यांना जुन्याची सर नव्हती.

वस्ताद हिंदुराव खराडे आमच्याकडे आले ते दिवाळीनंतर. चौसष्टीचे, कुस्तीची तालीम चालवणारे, कान मोडलेले, मान अजून खांबासारखी. दारूचा थेंब नाही, पण जुन्या काविळीनं यकृत आतून कडक झालेलं, आणि आता त्याच्या मधोमध, दोन मोठ्या शिरांच्या बेचक्यात, लिंबाएवढी गाठ. आमचे सर्जन डॉ. धनपाल मगदूम यांनी फोटो बघितले आणि सांगितलं, "प्रत्यारोपण. घरात दाता आहे का?"

दाता होता. एकुलता एक मुलगा, संग्राम, वय तीस, रक्तगट जुळलेला, वडिलांच्या हाताखाली तयार झालेला पैलवान. तालमीतल्या सगळ्यांनी प्रश्न सुटला म्हणून एकमेकांना टाळ्या दिल्या.

संग्राम माझ्या खोलीत आला तेव्हा खुर्ची करकरली. मी दार लावलं आणि नेहमीचं विचारलं.

"द्यायलाच पाहिजे ओ मॅडम," तो म्हणाला.

"पाहिजे की नको ते नाही विचारलं. द्यायचंय का?"

तो चपलांकडे बघायला लागला. मग म्हणाला, "भीती वाटायलीय. लागायची न्हवं. हात मोडलाय, बरगडी मोडलीय, त्याचं काय न्हाई. पण बेशुद्ध करून, पाठीवर टाकून, कुणीतरी आपल्याला उघडणार... मला झोप लागंना झालीय. बायकोला सातवा महिना चालूय. मला जमणार न्हाई ओ. पण हे मी बाहेर कुठल्या तोंडानं सांगू? माझ्या आबांनी मला अंगाखांद्यावर वाढवलंय."

आणि तो एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडायला लागला.

मला त्याचा अजिबात राग आला नाही. अकरा वर्षांत मी एक शिकले आहे. भीती ही माणसाच्या छातीच्या मापावर नसते. मी म्हणाले, "तू काही बोलू नकोस. मी बघते."

बाहेर व्हरांड्यात तालमीतले पंधरा-वीस जण उभे होते आणि त्यांच्या मधे चाकांच्या खुर्चीत वस्ताद बसले होते. माझ्या मनात पित्तनलिका तयार होती. पण रोजच्या वाटेनं जाणारी म्हैस वळण विसरत नाही, तशी माझी जीभ अकरा वर्षांच्या सवयीनं जुन्याच वाटेला लागली. तोंड पाडून मी म्हणाले, "संग्रामचं रक्त नीट गोठत नाही. भूल देता येणार नाही."

वाक्य पुरं व्हायच्या आतच मला कळलं, आपण माती खाल्ली.

युवराज म्हणून वस्तादांचा सगळ्यात थोरला पठ्ठा होता. त्याचा चेहरा आधी पडला, मग खुलला. "पण मॅडम, बांधाला रक्त गोठायची गरजच नसती की," तो म्हणाला. "मगदूम डॉक्टरांनी स्वतः दावलंय आमास्नी."

खरंच दाखवलं होतं. गणपतीत तालीम मंडळानं धनपालचं व्याख्यान ठेवलं होतं. या गृहस्थानं मटणाच्या दुकानातून बोकडाची अख्खी कलेजी आणली, तिला नळी लावून बिटाचं पाणी सोडलं, सगळ्यांसमोर ती कापली आणि बांध लावून वीस सेकंदांत धार बंद करून दाखवली. वर सांगितलं, "रक्त गोठो न गोठो, बांध थांबवतोच." तीनशे पैलवानांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी, जी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून भाषण ऐकत होते, ती आज त्यांनाच गोठण्याची गोष्ट सांगत होते.

युवराजला माझ्या खोट्याचा संशयसुद्धा आला नाही. त्याला वाटलं, मॅडम घाबरल्यात, आपण अडचण सोडवली. "म्हंजे काय अडचणच न्हाई," तो म्हणाला आणि त्यानं संग्रामला मिठी मारली. सगळे हसायला लागले. सगळ्यांच्या डोक्यावरून संग्रामनं माझ्याकडे बघितलं. मग तो खाली बघत म्हणाला, "व्हय की. काय अडचण न्हाई." पुढच्या गुरुवारची तारीख तिथल्या तिथे ठरली.

मी केबिनमध्ये येऊन दार लावून बसले. ज्याला सोडवायला गेले होते त्यालाच मी सगळ्यांदेखत बांधून आले होते. आता तो नाही म्हणाला असता तर कोल्हापुरात तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि हो म्हणून तो माझ्याच टेबलावर येणार होता, मला सगळं माहीत असताना. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादांनी निरोप पाठवला, मॅडमना जरा वर बोलवा. मी गेले. त्यांनी आधी माझ्या गावाची चौकशी केली, मग यंदाच्या उसाची, मग रुग्णालयातल्या आमटीला कशी चव नाही त्याची.

"वस्ताद," मी म्हणाले, "ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काय ते बोला."

त्यांनी दाराकडे बघून घेतलं. "काल तुमी खोटं बोललासा, नव्हं?"

मी दार लोटून घेतलं.

"चाळीस वर्सं आखाड्यात काढलीत. समोरच्याचं खांदं बघून मला कळतं, डाव कुठला येनार. तुमी का बोललासा ते मी इचारत न्हाई. पर तेच खोटं माझ्यासाठी परत एकदा बोला. जरा नीट बोला. पोराला नापास करा."

"तुम्हाला नको आहे त्याचं यकृत?"

"त्याला लेकरू हुनार हाय. माझं खाऊनपिऊन झालं. मी नगो म्हनलो तर त्यो ऐकायचा न्हाई, आनि तालीम म्हनंल म्हातारा भ्याला. मला मरायचं न्हाई मॅडम, खोटं कशाला बोलू. जगायची लई हौस हाय मला. नातवाला लंगोट बांधायचाय. पर माझ्यासाठी त्याला आडवा पाडू नगा."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यांनी लाज धरली नाही.

आता माझी अवस्था बघा. मुलगा बापाला सांगू शकत नव्हता, बाप मुलाला, आणि मी दोघांचं दोघांनाही. त्या दोघांना एका खोलीत बसवून दोन वाक्यं बोलले असते तरी दोघांच्या मनावरचा दगड उतरला असता. पण बंद दाराआड ऐकलेलं बाहेर काढायचं नाही, या एका नियमावर ती खोली चालते. शिवाय दगड उतरून गाठ थोडीच उतरणार होती. मुलाला वाचवलं तर बाप जाणार होता.

मी तडक धनपालकडे गेले. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे आणि फार हुशार आहे, त्यामुळे त्याला रागवायला मला आवडतं.

"खराड्यांची गाठ नुसती का काढता येत नाही?" मी विचारलं.

"मॅडम, ती मधोमध आहे. तिथपर्यंत जायचं तर अर्धं यकृत काढावं लागतं. उरलेलं अर्धं कडक झालेलं, त्याच्यावर माणूस जगत नाही."

"अर्धं कशाला? आंब्यातली कोय काढावी तशी नुसती गाठ काढ. भोवतीचा गर ठेव."

"आणि आतला खड्डा? चारी बाजूंनी झिरपणार. टाका बसत नाही. रक्ताचा पुरवठा दाबून धरायचा तर आजारी यकृताला दहा मिनिटांच्या वर ते सोसत नाही. पुस्तकातसुद्धा लिहिलंय, असं..."

"पुस्तक कधीचं?"

त्याची नजर कपाटातल्या पुस्तकांकडे गेली.

"बांध यायच्या आधीचं," मी म्हणाले. "दाता मिळाला की नवं यकृत बसवायचं, ही तुम्हा लोकांना सवय लागलीय. दाते ढिगानं मिळायला लागल्यापासून दुसरा विचारच बंद केलात. तीनशे पैलवानांसमोर कलेजी कापून बढाया मारतोस. तो खड्डा बांधानं भरता येतो का नाही, याचा एकदा तरी विचार केलास?"

"दाता तयार असताना मी ही जोखीम कशाला घेऊ?"

"दाता नाही असं समज."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. तो या रुग्णालयात आठ वर्षं आहे. बंद खोलीबद्दल विचारायचं नसतं हे त्याला माहीत आहे. तो वळला आणि त्यानं वस्तादांच्या यकृताचा फोटो हवेत उघडला. आता ही चित्रं टेबलाच्या वर तरंगतात आणि हातातल्या फळासारखी फिरवून बघता येतात. तो दीड तास ते फिरवत होता. कधी वरून, कधी मागून. मी दोन वेळा चहा मागवला. शेवटी तो म्हणाला, "मागच्या बाजूनं, दोन शिरांच्या मधून, बोटभर वाट आहे. पण मधल्या शिरेला गाठ टेकलीय. तिथे शीर फाटली तर माझ्याकडे एकच संधी असेल. आणि उरलेलं यकृत रुसलं तर लगेच दुसरं लागेल."

"रुसणार नाही. मी त्याची समजूत काढीन," मी म्हणाले. हे मात्र खोटं नव्हतं. यकृताला ऑपरेशनभर पुरेसं रक्त आणि प्राणवायू मिळत ठेवणं हेच माझं काम.

संध्याकाळी मी व्हरांड्यात सगळ्यांना सांगितलं, "काल माझी चूक झाली. मी उगाच गोंधळ घातला. आता तो विषयच नाही, कारण दाताच नको आहे. नुसती गाठ काढायचं ठरलंय." युवराज म्हणाला, मॅडम, चुकतं माणूस. संग्राम भिंतीला टेकून खाली बसला. वस्तादांना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला.

संग्राम जिन्यापर्यंत माझ्या मागून आला. "आणि न्हाई जमलं तर?"

"तर अवघड आहे," मी म्हणाले. तो मान हलवून गेला.

बुधवारी दुपारी मी कागद भरत बसले होते, तर संग्राम दारात. आत आला, स्वतःच दार लावलं आणि खुर्चीत बसला.

"मॅडम, उद्या मी उपाशी राहतो. बाजूच्या खोलीत मला तयार करून ठेवा. आबांचं यकृत चाललं न्हाई तर माझं घ्या."

"तुला कुणी काही बोललं?"

"कुणाला म्हाईतच न्हाई. बायकोला तेवढं सांगितलंय. ती रडली, पण व्हय म्हणाली."

"आणि भीती?"

"आहे की. आधीपेक्षा जास्तच आहे." तो जरासा हसला. "त्या दिवशी सगळ्यांनी मला उचलून धरलं आणि मला तिथनं पळून जावंसं वाटलं. तुम्ही सोडवलासा आणि दोन रात्री निवांत झोपलो. आज सकाळी उठलो तर मनात आलं, आता कुणी मागत न्हाई, तर देऊन बघावं. फक्त आबांना सांगू नका."

मी त्याला सगळे प्रश्न पुन्हा विचारले, उलटसुलट करून विचारले. एकदाही त्यानं चपलांकडे बघितलं नाही. मी सही घेतली.

गुरुवारी सकाळी वस्ताद टेबलावर आले. पाठ टेकताना म्हणाले, "मॅडम, आयुष्यात अशी मुकाट कधी टेकली न्हवती." मी म्हणाले, "आज टेका, उद्या मी स्वतः उठवते." आणि त्यांना झोपवलं. भिंतीपलीकडच्या खोलीत, हाताच्या पाठीला सुई टोचून घेऊन, त्यांचा मुलगा छताकडे बघत पडला होता.

पहिले दोन तास सगळं सुरळीत चाललं. धनपाल थोडं कापायचा, थोडा बांध लावायचा, आम्ही सगळे वीस सेकंद थांबायचो, पुन्हा पुढे. माझ्या बाटलीत जेमतेम कपभर रक्त. मी यकृताला हवं तेवढं देत होते. गाठ सुटत आली, आणि शेवटचा धागा सोडवताना मधली शीर फाटली.

फाटलेली मोठी शीर दिसत नाही, फक्त खड्डा भरताना दिसतो. पाच सेकंदांत तो काठोकाठ भरला. माझ्या पडद्यावरचे आकडे उतरायला लागले. धनपालनं आंधळेपणानं आत बोट घातलं, सिस्टरनं बोटाच्या कडेनं बांध ओतला, त्यानं तळव्यानं दाबून धरलं.

सर्जनची एक जन्मजात खोड असते. दाबून धरलं की दर चार सेकंदांनी हात उचलून बघायचं, थांबलं का. बांध आल्यापासून आम्ही सगळ्यांची ही खोड मोडली होती, पण जीव कासावीस झाला की माणूस जुन्या वाटेला जातो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. मला त्याचा खांदा किंचित वर आलेला दिसला.

"धनपाल, हात काढू नकोस," मी म्हणाले. "मी मोजते. एक. दोन. तीन."

मी एरवी मोजत नाही, यंत्र मोजतं. पण त्या दिवशी मी माझ्या तोंडानं मोजलं. मोजता मोजता एका हातानं रक्त सोडलं, दुसऱ्यानं औषध दिलं. नऊला दाब सगळ्यात खाली गेला. बाराला तिथेच होता. मला पलीकडची खोली आठवली; आता तिचं दार उघडावं लागणार, असं वाटलं. सतराला आकडा एका घरानं वर सरकला.

"वीस," मी म्हणाले. "आणखी दहा धर. माझ्यासाठी."

तिसाला त्यानं हात काढला. खड्डा कोरडा होता. तळाशी पांढरट मलम बसलं होतं आणि फाटलेल्या शिरेतलं रक्त त्याच्याखालून गुमान आपल्या वाटेनं वाहत होतं. कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. बहुतेक मीच.

पुढचे दोन तास आम्ही यकृताकडे बघत बसलो. ते रुसलं नाही. रंग लालसर राहिला, पित्त यायला लागलं. एकूण रक्त गेलं ते साडेचारशे मिलिलीटर, त्यातलं बहुतेक त्या पाच सेकंदांत. तालमीतल्या चाळीस पैलवानांनी दिलेल्या रक्तातल्या दोन पिशव्या लागल्या. उरलेल्या अडतीस गावभरच्या बाळंतिणींना आणि अपघातवाल्यांना गेल्या. कोल्हापुरात कितीजण आता कुस्तीचा खुराक अंगात घेऊन फिरतायत कोण जाणे.

मी टोपी न काढताच पलीकडच्या खोलीत गेले. संग्राम तसाच पडून होता, ओठ सुकलेले. मला बघून त्यानं डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, मी न्यायला आले.

"ऊठ," मी म्हणाले. "आबा ठीक आहेत. तुझी गरज नाही. खाली जाऊन जेव."

तो उठून बसला. मग म्हणाला, "खरंच?" मी हो म्हटलं. त्याचा जीव भांड्यात पडला तसा माझाही पडला, आणि मी त्याच्या शेजारी कॉटवर बसले.

शुक्रवारी सकाळी वस्तादांच्या तोंडातली नळी काढली. पहिले शब्द घोगरे आले. "पोराला कापलं न्हाई न्हवं?"

"नाही," मी म्हणाले. "बाहेर उभा आहे. पाठवू?"

संग्राम आत आला आणि कॉटच्या कडेला वाकून उभा राहिला. त्यानं वडिलांच्या पायाला हात लावला. सुई काढल्याजागी चिकटपट्टी अजून तशीच होती, भोवती निळसर डाग. मी ती बघितली तोवर वस्तादांनीही बघितली होती. कितीतरी वर्षं पोरांच्या अंगावरचे वळ आणि डाग वाचलेला माणूस तो. त्यांनी त्याचा हात ओढून जवळ घेतला, पट्टीवरून अंगठा फिरवला. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"कुनी सांगितलं हुतं तुला?"

"कुणीच न्हाई, आबा."

वस्तादांनी डोळे मिटले. पाणी कानापर्यंत ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही, कारण पुसायला हात सोडावा लागला असता. भेटीची पाच मिनिटं केव्हाच संपली होती. सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. मी तिला खूण केली, राहू दे.